‘किमान एक लाभ’ म्हणजे नेमकं काय मोजलं?

भारतातली सामाजिक संरक्षणाची व्याप्ती २०१५ मध्ये १९ टक्के होती, २०२५ मध्ये ६४.३ टक्के झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हा आकडा सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर टाकायचा मोह होतो. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण व्याख्या वाचा. किमान एका योजनेचा लाभ मिळाला की माणूस ‘संरक्षित’.

आता हीच व्याख्या घेऊन सकाळी ठाण्यातल्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या मजूर नाक्यावर उभं राहा. बिगारी, गवंडी, रंगारी. रोज मालक वेगळा. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला, बांधकाम खर्चावर उपकर लागला, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळही आलं. पण नोंदणीसाठी अट अशी, की मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं. साठ मालकांकडे दीड-दीड दिवस राबलेल्या माणसाचे ९० दिवस भरतात, पण दाखल्यावर सही कोण करणार? पालिकेच्या अधिकाऱ्याने तर त्याला कामावर पाहिलेलंही नसतं.

दुसऱ्या एखाद्या योजनेचे थोडे पैसे खात्यात येत असतील, तर आकड्यात तो संरक्षितच. परांचीवरून पडला तर हातात काय, हे मात्र आकडा सांगत नाही.

प्रयोगशाळेत आपण आधी बघतो, उपकरण नेमकं काय मोजतं. इथेही तेच करायचं. ‘किती जण संरक्षित?’ एवढ्यावर थांबू नका. कशापासून, किती आणि कोणत्या अटीवर, हे विचारा. संशोधनाचा प्रश्न तिथे सुरू होतो.