लाल त्रिकोण आणि वर्गातला हिशेब

11 जुलै आला की शाळाशाळांतून लोकसंख्येवर निबंध लिहून घेतले जातात. आपण सर्वांनीच ते तपासले आहेत. सुरुवातीला 'भस्मासुर' असतो, शेवटी कडक कायद्याची मागणी, आणि मध्ये कुठेतरी एक आकडा, जो कशाचा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. दोष मुलांचा नाही. हा विषय आपणच त्यांना भीती घालून शिकवत आलो आहोत.

जालना जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 16.13 लाख होती, 2011 साली ती 19.59 लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे साडेएकवीस टक्के वाढ. महाराष्ट्राची वाढ त्याच काळात 16 टक्के. 'इथल्या बायकांना मुले जास्त होतात' असा निष्कर्ष वर्गात लगेच निघतो. पण जरा थांबून फळ्यावर एक हिशेब मांडावा. एका गावात 100 जोडपी आहेत, म्हणजे 200 माणसे. प्रत्येक जोडप्याला पाच मुले झाली, एकूण 500. या 500 जणांची 250 जोडपी झाली आणि त्यांनी शहाणपणाने दोनच मुले होऊ दिली. नातवंडे पुन्हा 500. तिन्ही पिढ्या मिळून गावात 1200 माणसे. पुढे ती पहिली 200 माणसे गेली, नातवंडांनीही दोनच मुले होऊ दिली. आता गावात 1500 माणसे! दोन पिढ्या दोन मुलांवर थांबल्या, तरी गाव 25 टक्क्यांनी वाढले. चालती बैलगाडी ओढणे थांबवले तरी थोडी पुढे जातेच. यालाच लोकसंख्येचा संवेग म्हणतात. नुसत्या वाढीच्या दरावरून आजच्या आईला दोष देता येत नाही, तो हा असा. (जिल्ह्यात येणारी-जाणारी माणसे आणि घटलेले मृत्यू हा हिशेब आणखी वेगळा.)

आपल्या धोरणकर्त्यांनी हा हिशेब नेहमी ध्यानात ठेवला, असे म्हणवत नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांच्यापुढे स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा होती. सरकारी कार्यक्रम 1952 साली सुरू झाला. राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. 1960 नंतरच्या दशकात लाल त्रिकोण आला, लूप आला, आणि त्यांच्याबरोबर उद्दिष्टे आली. तेथून मोजमाप बदलले. किती जोडप्यांना हवी ती मदत मिळाली हे न मोजता, किती 'केसेस' झाल्या हे मोजले जाऊ लागले. या केसेस आणण्याचे काम देशाच्या अनेक भागांत शिक्षकांवरही लादले गेले. जुन्या गुरुजींना विचारून पाहा, खडूपेक्षा त्या वहीची धास्ती मोठी होती.

आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. महाराष्ट्र विधिमंडळाने तर 1976 साली तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. 1977 साली सरकार बदलले, खात्याचे नाव 'कुटुंब नियोजन'ऐवजी 'कुटुंब कल्याण' झाले. पाटी बदलली, पण उद्दिष्टे गेली ती 1996 साली, कैरो परिषदेनंतर दोन वर्षांनी. मधल्या काळात एक गोष्ट मात्र चटकन बदलली: पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडले.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी येथे थोडे थांबले पाहिजे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया पोट न उघडता, जागेवर भूल देऊन काही मिनिटांत होते. तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्याची तपासणी केली की काम झाले. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावेच लागते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि ज्यांच्या नवऱ्याची झाली आहे अशा फक्त 0.3 टक्के. 'पुरुषाला अशक्तपणा येतो' हा समज शरीरशास्त्राच्या धड्याने सहज दूर होण्यासारखा आहे. आपण तो धडाच घाईघाईने उरकतो.

2000 सालचे राष्ट्रीय लोकसंख्या धोरण स्वेच्छेची भाषा बोलते. महाराष्ट्राने मात्र 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झालेल्याला ग्रामपंचायत सदस्यत्वास अपात्र ठरवले. मुलगा हवाच आणि मुले दोनच, या दोन अटी एकत्र आल्या की दडपण कोणावर येते हे सांगायला नको. जालना जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 2001 साली 903 मुली होत्या. 2011 साली 870. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा 1988 पासून होता, देशाचा 1994 पासून. या घसरणीला दोन मुलांची अटच कारणीभूत, असे आम्ही म्हणत नाही. पण अट घालणाऱ्यांनी हा आकडा पाहायला हवा होता. आणखी एक गंमत, खरे तर गंमत नव्हे: एका आईमागे पुढच्या पिढीची एक आई जन्मावी यासाठी, 950 मुलींचे प्रमाण असेल तर सरासरी 2.05 मुले लागतात. 870 असेल तर 2.15. मुली नाकारणारा समाज 'दोन मुले' हे गणितही बिघडवतो.

त्याच पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 वर आलेला दिसतो. म्हणजे भस्मासुराचे निबंध अजून चालू आहेत, पण जननदर दोनच्याही खाली गेला आहे. जालन्यात मात्र 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या थोडे पुढे दोन बाळंतपणे, पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया. दोन मुलांच्या हिशेबात ही बाई 'यशस्वी' ठरते. पाळणा लांबवण्याचे साधन तिच्या हाती कधी आलेच नाही, आणि ती शाळेतून केव्हा उठली याची नोंद कुठल्याच वहीत नाही. असलीच तर ती आपल्या हजेरीपटात, नववी-दहावीच्या पानावर.