मोहिनीचे अनुकरण : नाशिकच्या एका लुप्त नृत्याचा पुनर्विचार

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 1913 च्या मे महिन्यात मुंबईत प्रदर्शित झाला. त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकार केली होती. त्यानंतर फाळके यांनी आपला व्याप नाशिकास हलविला व ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमलाबाई (पुढे गोखले) मोहिनी झाली. भारतीय पडद्यावरील स्त्रीनटांची परंपरा येथून सुरू झाल्याचे मानतात. सोंग गेले व सत्य आले, असाच या घटनेचा अर्थ बहुधा लावला जातो.

परंतु मोहिनी ही मुळात स्त्री नव्हे. ती स्त्रीरूप धारण केलेला विष्णू होय. म्हणजे ज्या भूमिकेतून खरी स्त्री पडद्यावर आली, ती भूमिकाच स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाची आहे. लिंगभाव व आकर्षण यांच्या ठरीव जोड्या न मानणाऱ्या, आज ‘क्वीअर’ म्हणविल्या जाणाऱ्या नृत्यरचनेला येथे फार मोलाचे द्रव्य सापडते.

या कथेचा गाभा नृत्यच आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तिची प्रत्येक मुद्रा उचलतो आणि शेवटी स्वतःच्याच मस्तकी हात ठेवून भस्म होतो. परंपरेने येथे कामांधतेचे शासन पाहिले. तथापि पुरुषदेहाने स्त्रीची गती आत्मसात करणे हेच येथे मृत्यूचे कारण ठरते, ही गोष्ट दुर्लक्षिली गेली. अनुकरणाचे आकर्षण आणि अनुकरणाचे भय ही दोन्ही या एका प्रसंगात एकवटली आहेत.

नाट्यशास्त्राने पुरुषाने स्त्रीचा वा स्त्रीने पुरुषाचा भाव धारण करण्यास ‘रूपानुसारिणी’ प्रकृती म्हटले आणि त्यास अभिनयाचा एक रीतसर प्रकार मानले. 1913 सालीच बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. रंगभूमीवरील स्त्रीच्या चालण्याबोलण्याचा आदर्श त्या काळी मुख्यत्वे पुरुष नटच घडवीत होते. तेव्हा कमलाबाईंसमोरील अभिनयाची परंपराही बव्हंशी पुरुषनिर्मितच होती. लिंगभाव हे मूळ नसलेले अनुकरण आहे, हा ज्युडिथ बटलर यांनी 1990 साली मांडलेला विचार या इतिहासाला अनोळखी वाटत नाही. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. सोंगाकडून सत्याकडे जाणारी सरळ रेषा तेथेही मोडते.

पाश्चात्त्य बॅलेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. निजिन्स्की यांनी रचलेले ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ 1913 च्या मे महिन्यातच पॅरिसमध्ये सादर झाले आणि लवकरच लुप्त झाले. 1987 साली मिलिसेंट हॉडसन व केनेथ आर्चर यांनी टिपणे, रेखाचित्रे व आठवणी यांच्या आधारे त्याची पुनर्रचना केली. मोहिनीच्या बाबतीत हा मार्ग खुला नाही, कारण चित्रपटच आज उपलब्ध नाही. तेव्हा गमावलेल्या मुद्रा हुडकण्यापेक्षा त्या प्रसंगातील नाते रचणे श्रेयस्कर. दोन नर्तक परस्परांचे अनुकरण करीत असता मूळ कोणते व प्रतिकृती कोणती, हे प्रेक्षकाला ठरविता येऊ नये, आणि भस्मासुराचा अंत हा शिक्षेऐवजी रूपांतर म्हणून दिसावा.

मात्र या अन्वयार्थाला एक मर्यादा पाळावी लागेल. नटीचा व्यवसाय अप्रतिष्ठित मानला जात असता या मायलेकी पडद्यावर आल्या. त्या धाडसाला केवळ रूपकाचे साधन केल्यास स्त्रीनटांचा मोठ्या कष्टाने मिळविलेला इतिहास पुन्हा पुसला जाईल. तसेच कमलाबाईंच्या खाजगी जीवनावर आजची कोणतीही ओळख लादण्याचे कारण नाही. पुनर्वाचन व्हावयाचे ते भूमिकेचे, व्यक्तीचे नव्हे. दुर्गाबाई व कमलाबाई यांची नावे आणि त्यांचे श्रम स्मरणात ठेवूनच मोहिनीला तिचे संदिग्ध रूप परत देता आले, तर नाशिकच्या त्या लुप्त नृत्याचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे चालेल.