उताराची जमीन आणि पडद्यावरची जमीन

उताराच्या जागेवर घर बांधायचं ठरलं, की हल्ली पहिला प्रश्न येतो, 'सर, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?' आम्हाला वाटतं, त्याच्या आधीचा प्रश्न असा : सॉफ्टवेअर ज्याला 'जमीन' म्हणतं, ते असतं तरी काय?

स्केचअप घेऊ. शिकायला सोपं, म्हणून लोकप्रिय. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, दिल्या की त्यातलं सँडबॉक्स हे साधन त्यांच्यामध्ये त्रिकोण विणून पृष्ठभाग तयार करतं. पण त्रिकोणाची तिन्ही टोकं एकाच रेषेवर पडली तर तो सपाटच होणार, हो की नाही? हे घडतं टेकाडाच्या माथ्यावर आणि ओहोळाच्या तळाशी, जिथे रेषा वळसा घेते. म्हणजे पावसाचं पाणी जिथून धावणार, नेमकं तिथेच पडद्यावर सपाट अंगण दिसतं! यावर उपाय आहे. ओहोळाच्या तळाची रेषा तिच्या उंचींसह आपण हाताने घालायची. पण ओहोळ तिथे आहे, हे आपल्याला आधी ठाऊक हवं.

आता रेव्हिट. २०२३च्या आवृत्तीपर्यंत त्यातली जमीन ही नुसती कातडी होती, जाडी नसलेली. २०२४च्या आवृत्तीत 'टोपोसॉलिड' आलं आणि जमिनीला अंग मिळालं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत हा सत्ताशास्त्रातला बदल म्हणायचा, आणि तो योग्य दिशेचा आहे. मात्र ती जाडी आपणच टाइप केलेली असते, बरं का. खाली जांभा आहे, मुरूम आहे की काळी माती, हे खड्डा खणल्याशिवाय त्याला कोण सांगणार?

तिसरी गोष्ट माहितीची. २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंची आज फुकट मिळतात, मोफत क्यूजीआयएसमध्ये उघडताही येतात. पण त्यांचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. आपला पाच गुंठ्यांचा प्लॉट त्या एका चौकोनात मावतो! डोंगराचं पाणी कुठल्या अंगाने येतं ते समजून घ्यायला हे पुरे. जोत्याची उंची ठरवायला मुळीच नाही.

अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटचं 'फॉलिंगवॉटर' धबधब्यावर उभं आहे. १९३५ साली त्या जागेचा नकाशा राइटकडे आला, त्यात उंचसखलपणाबरोबर मोठमोठे खडक आणि झाडंही दाखवलेली होती. संगणक नव्हता, पण जागेत काय काय आहे ते कोणीतरी पायी हिंडून टिपलं होतं.

मग निवड कशी करायची? सर्व्हेअरकडून अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा, ओहोळ, बांध आणि झाडं मोजून घ्या. लहान घराला त्यावर स्केचअप पुरतं. बांधकामाचे नकाशे आणि मोजमापं एकाच प्रतिमानातून हवी असतील तर रेव्हिट घ्या. आधी माहिती, मग साधन, हा क्रम उलटा करू नका.

३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, हे आपण महाराष्ट्रात विसरू शकत नाही. उताराच्या पोटात मुरणारं पाणी वर सांगितलेल्या कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. म्हणून घर आखण्याआधी एक पावसाळा त्या जागेवर जाऊन पाणी पाहावं, आणि भूगर्भतज्ज्ञाला विचारावं. आता तुमचे प्रश्न घेऊ.