तटबंदीच्या बाहेरचे राक्षस

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळासाठी छापली जाणारी साहसे समीक्षेचा विषय होऊ शकतात काय, असा प्रश्न या पानांवर कुणी विचारील. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला बसून असली पुस्तके वाचणे हा रिकामटेकडेपणा आहे, असेही म्हणता येईल. मला तसे वाटत नाही. पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या आणि त्याचे मित्र दर शनिवारी रात्री हा खेळ मांडून बसतात, आणि त्यांतले निम्मे आपल्याच वस्त्यांतून गेलेले आहेत. ही शिकलेली पोरे खेळात कुणाला मारतात, आणि ते मारणे त्यांना का खुपत नाही, हे तपासणे समीक्षेचेच काम आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांनी तमाशातला वग आठवावा. वगाचे कथासूत्र ठरलेले असते. पण प्रधान काय बोलेल, सोंगाड्या कुठे फिरकी घेईल, हे त्या रात्री फडावरच ठरते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली छापलेला हा खेळ याच जातीचा आहे. एक जण सूत्र हाती धरतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी सोंगे घेतात, आणि डाव फसला की साधला हे फासे सांगतात. 'साहस' म्हणून जे पुस्तक विकले जाते तो या वगाचा सांगाडा. त्यात नकाशा असतो, कुठल्या खोलीत कोण आहे, तो किती घाव सोसेल आणि त्याच्याजवळ किती सोने आहे याची यादी असते. संवाद जवळजवळ नसतात. या पुस्तकांचे नेहमीचे परीक्षक नकाशा सुबक आहे काय, सापळे नवे आहेत काय, तीन तास मजेत जातात काय, एवढेच पाहतात. ते पाहावे. पण कुणाला मारायचे हे खेळणारा ठरवत नाही. ते सांगाड्यात आधीच ठरलेले असते, आणि तिथे परीक्षकाची नजर जात नाही.

गायगॅक्सचे स्वतःचे 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घ्या. सरहद्दीवरची गढी. १९८०च्या सुमारास नवशिक्यांच्या पेटीतच हे पुस्तक घालून मिळे, म्हणून हजारो पोरांचे ते पहिले साहस ठरले. नकाशाच्या एका बाजूला तटबंदीची गढी आहे. तिच्यात किल्लेदार, लोहार, सराईवाला, सावकारी पेढी असे सगळे आहे. गंमत म्हणजे यांतल्या कुणाला नाव नाही, नुसता हुद्दा आहे. आपल्या गावगाड्याची आठवण व्हावी असा हा कारभार. दुसऱ्या बाजूला तटाबाहेर, दरीतल्या गुहांत 'ते' राहतात: कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क. ते वाईट आहेत. का वाईट आहेत? जन्माने. नियमांच्या पुस्तकात त्यांच्या जातीपुढेच त्यांची वृत्ती छापलेली आहे. त्यांनी अमुक गुन्हा केला, अशी फिर्यादही नीटशी लागत नाही. गढीतून निघायचे, गुहेत शिरायचे, मारायचे आणि सोने घेऊन परत यायचे. मारल्याबद्दल अनुभवगुण मिळतात, सोने आणल्याबद्दल त्याहून अधिक.

मी थबकलो तो मात्र दुसऱ्याच ठिकाणी. या गुहांत बायका आणि पोरेही आहेत. त्यांची संख्या मोजून दिलेली आहे. लहानगी हल्ला करत नाहीत, अशी नोंदही आहे. मग त्यांचे काय करायचे? लेखक गप्प आहे. ते गप्प राहणेच मला सगळ्यांत बोलके वाटले. पुढे २००५ साली पुण्यशील योद्ध्याने शरण आलेल्यांना मारावे काय, या वाचकांच्या चर्चेत गायगॅक्सने कर्नल चिव्हिंग्टनचा दाखला दिला. लिखा राखल्या तर त्यांच्या उवा होतात, या अर्थाचा. १८६४ साली कोलोरॅडोतल्या सँड क्रीकवर शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीची कत्तल करणारा तो हाच चिव्हिंग्टन. मारले गेलेल्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारे होते. म्हणजे गुहा कुठून आली हे कळायला फार खोल जावे लागत नाही.

मराठवाड्यातल्या वाचकाला हा नकाशा समजावून सांगावा लागणार नाही. १९७८च्या जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव ज्या वस्त्यांना आग लागली त्या गावकुसाबाहेरच होत्या. आग लावणारे बहुतेक शेजारचेच होते, आणि आत कोण राहते हे त्यांना चांगले ठाऊक होते. खेळामुळे जाळपोळ होते, असले भाबडे विधान मी करणार नाही. ज्यांची घरे गुहेच्या बाजूला होती त्यांची नातवंडे आज गढीच्या बाजूने फासे टाकतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

प्रकाशकांना आता जाग आली आहे, हे नाकारू नये. 'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) मध्ये व्हिस्तानी नावाची भटकी जमात दारुडी, लबाड, सरदाराची हस्तक म्हणून रंगवली होती. रोमा लोकांची ती नक्कल आहे हे उघड होते. १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरलेल्या आपल्या जमातींना ही लेखणी ओळखीची वाटेल. २०२० साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने चूक मान्य करून तो मजकूर बदलला, आणि ऑर्क जन्माने दुष्ट नसतात असेही सांगितले. २०२४च्या नियमग्रंथात 'वंश' हा शब्दही गेला, 'प्रजाती' आली. नावे बदलली की काय होते आणि काय होत नाही, हे नामांतर लढवलेल्या माणसांना कुणी शिकवू नये. त्याच कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये 'स्पेलजॅमर' काढले. त्यात हॅडोझी नावाचे माकडासारखे लोक: एका जादूगाराने पकडलेले, विकण्यासाठी शहाणे केलेले, आणि त्याच्या शिष्यांच्या मदतीने सुटलेले. ओरड झाली, सप्टेंबरात माफी आली, मजकूर वगळला गेला. वंशद्वेषाबद्दल पुष्कळ बोलले गेले. मला त्याहून खटकले ते हे की गुलामांची सुटकासुद्धा मालकाच्या घरातल्या माणसांवाचून लेखकाला सुचली नाही. उद्धारकाची ही कथा आपण पुष्कळ ऐकली आहे.

याच उन्हाळ्यात आलेले 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' म्हणूनच महत्त्वाचे. यातली तेराही साहसे गौरेतर लेखकांनी लिहिली आहेत. त्यांतले 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा' मिमी मंडल यांचे. त्या कोलकात्याच्या, आणि आपण दलित आहोत हे न लपवता लिहिणाऱ्या. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेवरच्या, त्यांनी सहसंपादित केलेल्या ग्रंथाला २०१८ साली ह्यूगो पुरस्काराचे नामांकन होते. त्यांची शंखभूमी म्हणजे नद्यांचा बंगाल. सागोरपूर नगरातल्या स्पर्धेतला एक स्पर्धक नाहीसा होतो आणि शोध मणिवर्षाच्या जंगलात जातो. इथे जंगल म्हणजे लुटायची गुहा नाही. नद्यांना रक्षक आहेत आणि त्यांच्याशी बोलावे लागते. पुतण्याच्या मंडळींनी हे साहस खेळले तेव्हा, तो सांगतो, तासभर कुणी तलवारच उपसली नाही. इतकी मोठी कमाई या खेळात मी दुसरीकडे पाहिली नाही.

माझी तक्रार सबंध पुस्तकाबद्दल आहे. ज्या तेजस्वी नगरीत ही साहसे ओवली आहेत ती अनेक संस्कृतींनी मिळून वसवलेली, निर्वासितांना जागा देणारी आहे. हे स्वप्न मला प्रिय आहे. पण त्या नगरीचा मैला कोण उचलतो? पाण्यावर पहिला हक्क कुणाचा? अशा प्रश्नांना तिथे जागा नाही; संकट येते ते बहुधा बाहेरून, शापातून, पिशाचातून. राक्षसाला जन्माने दुष्ट मानणे सोडले ते चांगलेच झाले. मात्र सज्जन शेजाऱ्यांचा शिरस्ता हाच राक्षस असू शकतो, हे या सांगाड्यात अजून बसवता आलेले नाही.

समजा कुणी महाडचे साहस लिहायला घेतले. २० मार्च १९२७. नकाशा सोपा आहे: एक तळे, चार काठ, मांडव, बाजार. पहारेकरी नाही, सोने नाही. ओंजळभर पाणी पिणे एवढीच कृती, तिला फासा कशाला? फासे त्यानंतर. गावात अफवा उठते, मांडवात जेवणाऱ्यांवर काठ्या पडतात, नंतर तळ्याचे शुद्धीकरण होते, आणि खटला मुंबई हायकोर्टात १९३७ सालापर्यंत चालतो. ज्याच्या हाती सूत्र आहे त्याने लाठीवाल्याच्या जातीपुढे कोणती वृत्ती लिहावी? दहा वर्षांच्या तारखांना किती अनुभवगुण द्यावेत? पुतण्या म्हणतो, नियमांत याला आकडा नाही. मी त्याला वही घेऊन बसायला सांगितले आहे.