नाउशिकाचा निळा वेष

परभाषेतील कलाकृती आपल्या घरी क्वचितच एकटी येते. तिच्यासोबत भाषांतरकार येतो, संपादक येतो, विक्रेताही येतो. ग्रंथाच्या बाबतीत आपण याविषयी जागरूक असतो. भाषांतर मुळाशी प्रामाणिक आहे काय, हे विचारतो आणि आवृत्ती संक्षिप्त असेल तर मुखपृष्ठावर तसे छापलेले असावे अशी अपेक्षा ठेवतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण भाबडे असतो. चित्रफीत किंवा तबकडी हाती आली की तिच्यात तो चित्रपट आहेच, असे गृहीत धरतो. हा भरवसा कितपत सार्थ आहे, हे एका जपानी ॲनिमेशनपटाच्या घरगुती आवृत्त्यांवरून पाहावे, असा आमचा विचार आहे.

हा चित्रपट म्हणजे हायाओ मियाझाकी यांचा ‘काझे नो तानी नो नाउशिका’, अर्थात ‘वाऱ्याच्या खोऱ्यातील नाउशिका’. मार्च १९८४ मध्ये तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ११७ मिनिटे. महायुद्धात होरपळलेल्या पृथ्वीवर विषारी बुरशीचे अरण्य पसरत चालले आहे, आणि ओमू नावाचे प्रचंड कीटक त्याचे रक्षण करीत आहेत. माणसे त्या अरण्याला शत्रू मानतात. एका छोट्या खोऱ्याची राजकन्या नाउशिका मात्र वाड्याच्या तळघरात त्याच वनस्पती स्वच्छ माती-पाण्यावर वाढवते. त्या तिथे विष सोडत नाहीत, हे तिच्या ध्यानी येते. विष अरण्यात नाही, माणसाने नासवलेल्या मातीत आहे, आणि अरण्य ती माती शुद्ध करीत आहे. चित्रपटाचा गाभा हाच.

१९८५ साली अमेरिकेत न्यू वर्ल्ड पिक्चर्स या कंपनीने हा चित्रपट ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने आणला आणि त्याच रूपात तो चित्रफितीवर घरोघरी गेला. सुमारे बावीस मिनिटे कापली गेली. अरण्याविषयीचा विचार पातळ झाला आणि ओमू केवळ आक्रमक राक्षस ठरले. वेष्टनावर मूळ चित्रपटात कुठेही नसलेले पुरुष योद्धे झळकले. नायिकेचे नाव झाले झँड्रा. नाउशिका हे नाव मियाझाकी यांनी होमरच्या ‘ओडिसी’तून घेतले. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या परक्या ओडिसियसला न भिता आधार देणारी ती राजकन्या. कीटकांवर माया करणाऱ्या एका सरदारकन्येची जुनी जपानी कथाही या पात्रामागे उभी आहे. नाव बदलताच हे दोन्ही पूर्वज पुसले गेले. कथेला कात्री लावणे एक वेळ व्यापार म्हणून समजून घेता येईल. पण ती आवृत्ती पाहणाऱ्या मुलाला आपण काय गमावले याची पुसटशीही कल्पना नव्हती, हे आम्हांस अधिक गंभीर वाटते.

काटछाट निदान मोजता येते. रंगांची हानी सहसा ध्यानातही येत नाही, आणि या चित्रपटात रंग ही सजावट नव्हे, ती कथेची भाषा आहे. ओमूंचे डोळे शांत असताना निळे असतात, क्रोधाने लाल होतात. संवादाविना त्यांचे मन कळते ते या रंगांतूनच. खोऱ्यात एक भाकीत चालत आलेले असते : निळ्या वेषातील कुणी एक सोनेरी कुरणात उतरेल आणि माणूस व भूमी यांचे तुटलेले नाते जोडील. शेवटच्या प्रसंगी नाउशिकाच्या अंगावर दुसऱ्याच राज्यातील मुलीचा गुलाबी वेष असतो. माणसांनी छळलेल्या ओमूच्या पिल्लाला वाचवताना त्याच्या निळ्या रक्ताने तो वेष भिजून निळा होतो. उधळलेल्या कळपापुढे ती उभी राहते, कोसळते. मग ओमूंचे असंख्य सोनेरी तंतू तिला उचलून धरतात आणि ती पुन्हा जिवंत होते. सोनेरी कुरण हेच. इतरांसाठी दिलेला प्राण आणि त्यातून उगवलेले नवे जीवन, या चित्रातील अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या प्रसंगात खोऱ्यातील आंधळी आजी मुलांना सांगते की मला दिसत नाही, माझ्या वतीने तुम्ही नीट पाहा. मुले तिला पाहिलेले सांगतात आणि भाकीत खरे ठरल्याचे तिला उमगते. घरी बसून चित्रपट पाहणाऱ्याची अवस्था या आजीसारखीच असते. मूळ फिल्म त्याने पाहिलेली नसते. चित्रफीत किंवा तबकडी जे सांगेल तेच त्याला दिसते. मुलांनी वेषाचा रंग चुकीचा सांगितला असता, तर आजीला ते कळले नसते.

चित्रफितीची साक्ष या बाबतीत कच्चीच होती. व्हीएचएस फितीवर रंगांचा तपशील फार थोडा उतरत असे. लाल रंग तर आपली कड सोडून शेजारी पाझरे आणि प्रतीची प्रत काढताना तो आणखी फिकटे. पण दोष केवळ जुन्या तंत्राचा नसतो. मियाझाकी यांच्याच ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटाची डीव्हीडी २००२ साली जपानमध्ये निघाली, तेव्हा तिच्यावर तांबूस झाक असल्याची तक्रार झाली. काही ग्राहक न्यायालयात गेले. २०१४ च्या जपानी ब्लू-रे आवृत्तीत ती झाक राहिली नाही. जिथे चेटकीण मुलीचे नाव हिरावून घेते आणि स्वतःचे नाव विसरणारा परत फिरू शकत नाही, असा हा चित्रपट. तो आपले रंग हरवून ग्राहकांच्या घरी यावा, हा योगायोग बोलका आहे.

१९८५ च्या अनुभवाने मियाझाकी आणि त्यांचे सहकारी सावध झाले. १९९६ साली तोकुमा आणि डिस्ने यांच्यात परदेशी वितरणाचा करार झाला, त्यात काटछाट न करण्याची अट होती. पुढे ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत जाताना कात्रीचा आग्रह झाला, तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी वितरकाला एक जपानी तलवार भेट दिली. काटछाट नको, एवढाच तिच्यासोबतचा संदेश होता. ‘नाउशिका’ची अखंड डीव्हीडी अमेरिकेत निघायला मात्र २००५ साल उजाडले. म्हणजे तिथल्या एका पिढीचे बालपण तुकड्यावरच गेले. २०१० मध्ये जपानमध्ये आणि २०११ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे निघाली. डीव्हीडीच्या एका चौकटीत साडेतीन ते चार लाख चित्रबिंदू असतात, ब्लू-रेच्या चौकटीत वीस लाखांहून अधिक. हाताने रंगविलेल्या पार्श्वभूमीतील कुंचल्याचा फटकारा घरच्या पडद्यावर दिसू लागला, तो यामुळे.

तथापि स्पष्टता म्हणजेच निष्ठा नव्हे. जुन्या चित्रपटाचे नूतनीकरण करणाऱ्यांना फिल्मवरील बारीक कण घासून काढण्याचा मोह होतो. हे कण फिल्मच्या रासायनिक थरातूनच आलेले असतात. ते यंत्राने पुसले की त्यांच्याबरोबर पेन्सिलीच्या रेषेचा कंपही पुसला जातो आणि चेहरे मेणाचे भासू लागतात. १९८४ चे चित्र १९८४ चेच दिसावे, नवे कोरे दिसू नये. ध्वनीच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. लहान मुलांसाठी इंग्रजी संवाद ऐकवण्यास आमची हरकत नाही. २००५ च्या इंग्रजी आवृत्तीत पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्यासारख्या जाणत्या नटाचा आवाज आहे. पण मूळ जपानी ध्वनिपट्टी सोबत हवी, आणि तळटिपा जपानी संवादांवरून केलेल्या हव्यात. इंग्रजी आवाजातील वाक्ये उतरवून काढलेल्या नकोत.

२०२० साली हे चित्रपट नेटफ्लिक्सद्वारे भारतीय घरांतही पोहोचले. एवढे सहज मिळू लागले म्हणजे पारख करण्याचे काम संपले, असे मात्र नव्हे. मुलांपुढे कोणतीही प्रत ठेवण्यापूर्वी पालकांनी तिची लांबी, तिच्यातील भाषा आणि नायिकेचे नाव एवढे तरी पाहावे. दोन मिनिटांचे हे काम आहे. मुले आपल्या डोळ्यांनी पाहतील. पण त्यांच्या डोळ्यांपुढे काय ठेवावे, हे ठरवणारे आपण आहोत. निळा वेष त्यांना निळाच दिसला पाहिजे.