देणगीतला टीव्ही आणि मूठभर धान्य

शाळेला काय मिळालं याची यादी म्हणजे संशोधन नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांसाठी मुष्टिफंडातून घरोघरचं मूठ मूठ धान्य जमायचं. ती मदत थेट रोजच्या ताटात यायची. आजची सीएसआर मदत अनेकदा वस्तूंच्या रूपात येते. २०२१ मध्ये नव्याने आलेल्या ‘विद्यांजली’ पोर्टलवर शाळा स्वतः गरज नोंदवते, हे चांगलंच. पण टीव्ही आला, वीजबिल कोण भरणार? सातारा-सांगलीच्या शाळांवर काम करणार असाल, तर प्रश्नावलीत ‘काय मिळालं?’ याच्यापुढे ‘वर्षभराने चालू आहे का? दुरुस्ती कोणाच्या पैशातून?’ हेही विचारा. नाहीतर तुमचा प्रबंध म्हणजे देणगीदाराला दिलेली पोचपावतीच!