बंद पडण्याची तऱ्हा

जुनं पेट्रोल इंजिन सुरूच होत नाही, ही तक्रार त्या मानानं सोपी. सुरू होतं पण टिकत नाही, ही अवघड. पहिल्या तक्रारीत काहीतरी नसतंच. दुसरीत सगळं असतं, पण कुणीतरी मध्येच साथ सोडतं. ते कोण, हे इंजिनाच्या बंद पडण्याच्या तऱ्हेवरून ओळखणारे मिस्त्री सोलापूरच्या हैदराबाद रस्त्याला, विजापूर रस्त्याला आजही भेटतात. त्यांच्या कामाला आपण दुरुस्ती म्हणतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. एखाद्या बंदिशीइतक्याच बारकाईनं ते पाहावं, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

ज्या ट्रकवर मी हे पाहिलं तो होता फार्गो, एका जुन्या वाहतूकदार घराण्यानं जपलेला. फार्गोचं आणि या गावाचं नातंही जुनं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरातच झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो या नावांचे ट्रक रस्त्यावर आणले. पुढे डिझेलनं ट्रकच्या दुनियेतून पेट्रोलला हद्दपार केलं. राहिले ते असे हौसेनं सांभाळलेले. एका रांगेत सहा सिलिंडर, बाजूला व्हॉल्व्ह, आणि वर एकच कार्बोरेटर.

या कार्बोरेटरची रचना समजली तर पुढची गंमत कळेल. पंपानं आणलेलं पेट्रोल एका छोट्या चेंबरमध्ये साठतं. त्यात फ्लोट तरंगत असतो. पातळी वर आली की तो नीडल दाबून वाट बंद करतो, खाली गेली की उघडतो. शेजारच्या नळीतून इंजिन हवा ओढतं. ही नळी मध्यावर मुद्दाम अरुंद केलेली असते. तिथं हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून त्या हवेत आपोआप खेचलं जातं. अरुंद जागी प्रवाहाचा दाब उतरतो, ही गोष्ट इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ मध्ये मांडली. तिच्यावर पुढं शंभरेक वर्षांनी जर्मनीच्या माइबाखनं फवाऱ्याचा कार्बोरेटर उभा केला. एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण पंधरा भाग हवा, हे प्रमाण इथं कुठलाही संगणक राखत नाही. वाऱ्याचा वेग, भोकाचा व्यास आणि पेट्रोलची पातळी, एवढ्यावर सगळा हिशेब चालतो. मानवी हातानं घडवलेल्या इतक्या देखण्या गोष्टी फार थोड्या आहेत.

आणि यातलं काहीच झाकलेलं नसल्यामुळे प्रत्येक बिघाडाची वागणूक वेगळी. रेसवर नीट चालते आणि पाय काढला की मरते, तर स्लो जेट तुंबलंय किंवा बुडाचं पॅकिंग हवा घेतंय. काळा धूर सोडत गुदमरते, तर नीडल बसत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आमचा फार्गो मात्र स्लोवरही गोड चालायचा, रेसवरही. दहा-बारा मिनिटांनी बंद पडायचा. जरा थांबलं की पुन्हा सुरू. पुन्हा तेवढ्याच वेळानं बंद.

त्यात मे महिना. सोलापुरात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढलेला. गरम झाल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, असं एकानं सांगितलं. दोन्ही नवीन टाकून झाले. पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकते, असं दुसऱ्यानं सांगितलं. पंपावर ओलं फडकं गुंडाळून झालं. कार्बोरेटरचं अख्खं किट बदलून झालं. यातलं एकही अनुमान वेडगळ नव्हतं. या इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्टच्या अगदी जवळ, त्याच्याच उष्णतेत बसलेला असतो, त्यामुळे वाफेची शंका येणारच. चूक एवढीच झाली की सगळ्यांनी गाडी कधी बंद पडते ते पाहिलं. कशी बंद पडते, ते कुणी पाहिलं नाही.

मिस्त्री आले, मालकांनी बदललेल्या भागांची यादी सांगितली. ते म्हणाले, ‘‘ते राहू द्या की मालक. सुरू करा आणि बंद पडू द्या.’’ पान्याला हात न लावता ते फेंडरला टेकून उभे राहिले. इंजिनाचा सूर बदलू लागला. आधी एक सिलिंडर मिस झाला, मग दुसरा, कार्बोरेटरच्या तोंडातून एक फटका आला. ‘‘पोरा, चोक ओढ.’’ चोक ओढताच इंजिन सावरलं, थोडा वेळ तगलं, आणि मग गेलं.

या क्षणी त्यांनी निम्मं निदान पूर्ण केलं होतं. करंट गेला तर इंजिन दिवा मालवल्यासारखं एकदम बंद होतं, त्याला चोकनं काही फरक पडत नाही. हे हळूहळू गेलं आणि चोकनं सावरलं, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. कॉइल-कंडेन्सर एका झटक्यात वादातून बाद. लगेच त्यांनी एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या नळीत डोकावून अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हलवला. एरवी तिथं पेट्रोलची बारीक चिळकांडी उडते. उडाली नाही. चेंबर कोरडा.

मग मला सगळ्यात आवडलेली पायरी. टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवली, तिच्या जागी पेट्रोलच्या वेगळ्या डब्याची नळी जोडली. वाळूची बादली शेजारी ठेवायला ते विसरले नाहीत. इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. तेच ऊन, तोच तापलेला पंप, तोच कार्बोरेटर, आणि इंजिन हूं की चूं न करता चालत राहिलं. एका कृतीत पंपापासून प्लगपर्यंतचा सगळा मुलूख निर्दोष सुटला. दोष मागं होता, नळीत किंवा टाकीत.

टाकीची नळी परत जोडून त्यांनी गाडी पुन्हा बंद पडू दिली आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत शिरली. झाकण बाजारातून आणलेलं, नंतरच्या कुठल्या तरी गाडीचं, पूर्ण हवाबंद. जुन्या झाकणाला बारीक छिद्र असतं. पेट्रोल उपसलं जाईल तशी बाहेरची हवा त्यातून आत जाते. इथं हवेला वाटच नव्हती. टाकीत पोकळी तयार होत होती, अखेर पंपाची ओढ तिच्यापुढं कमी पडायची. थांबल्यावर सांध्यांतून थोडी हवा झिरपली की गाडी पुन्हा सुरू.

इंजिन गरम होण्याशी या बिघाडाचा संबंधच नव्हता. दोन्हीला वेळ तेवढाच लागत होता, म्हणून सगळे फसले. ही अशी रचना एखाद्या उत्तम रहस्यकथेत सापडली असती तर आपण लेखकाला दाद दिली असती. दाद या मिस्त्रींनाही द्यायला हवी, आणि ती निष्कर्षापेक्षा क्रमाला द्यायला हवी. आधी कान, मग डोळा, मग एकच प्रयोग, आणि हत्यार सर्वांत शेवटी.

यापुढं अशा गाड्यांना नवा त्रास होणार आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. पंपाचे जुने रबरी डायफ्रॅम आणि नळ्या त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. म्हणून ज्यांच्या दारात जुनी पेट्रोल गाडी उभी आहे त्यांना एवढंच सांगणं: बंद पडली की लगेच सुटे भाग आणायला धावू नका. ती झटकन गेली की हळूहळू, चोक ओढल्यावर तगली का, किती वेळानं परत सुरू झाली, टाकी भरलेली होती की अर्धी, हे कागदावर टिपून ठेवा आणि तो कागद मिस्त्रींच्या हातात द्या.